किडे येतील असा दिवा

माझ्या दुकानात खिळे-स्क्रूंचा एक डबा आहे. तो कोणी भरत नाही, तरी भरतो. दुरुस्तीला आलेल्या पंख्यातून एखादा उरतो, जुन्या बोर्डातून दोन निघतात, टाकवत नाहीत म्हणून डब्यात जातात, आणि मग एक दिवस झाकण लागेनासं होतं. आमच्या मंडळींच्या किश्श्यांचं असंच झालंय. जमवायला कोणी बसलं नव्हतं. पण परवा बायको म्हणाली, "दुकानात येईल त्याला एकेक सांगत बसता. एकदाच काय ते ओता आणि मोकळे व्हा." म्हणून ओततो.

मंडळी म्हणजे तरी किती? चार डोकी. मी प्रमोद, डहाणूच्या बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान. शेजारी हेमूभाई फरसाणवाले. जन्म इथलाच, मराठी फर्डी, पण घरात गुजराती, त्यामुळे रंगात आले की जीभ घसरते. कुंदाताई वाढवणहून मासळी घेऊन बाजारात येतात. आणि चुरीसर. हायस्कूलमधून रिटायर झालेले जीवशास्त्राचे मास्तर, माझेही मास्तर, आणि ह्या सगळ्या वेडाचे मूळपुरुष.

वेड कसलं, तर दिव्यावर येणारे पतंग आणि त्यांच्या अळ्या ओळखायचं. हसा. मीही हसलो होतो.

*

इतकी वर्षं दिवे विकतोय. गिऱ्हाईक हटकून एक प्रश्न विचारतं, "ह्याच्यावर किडे नाही ना येणार?" मग मी पिवळा बल्ब काढून देतो आणि दोघंही खूश होतो.

एका संध्याकाळी चुरीसर आले, छत्री दारात उभी केली आणि म्हणाले, "प्रमोद, किडे येतील असा दिवा दे."

मला वाटलं टोमणा आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे बसवलेली ट्यूब बिघडली असेल. पण सर गंभीर होते. माळ्यावर एक पांढऱ्याफटक उजेडाचा जुना दिवा चोकसकट धूळ खात पडला होता, कोणी घेत नव्हतं. तो दिला. म्हटलं, एक तर बला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सर हजर. तक्रार अशी की रात्रभर दिवा लावला, एक डास सोडला तर कोणी फिरकलं नाही. मी म्हटलं, "सर, दिव्याची गॅरंटी एक वर्ष. किड्यांची गॅरंटी कंपनी देत नाही."

ते हसले नाहीत. बसवण्यात काही चुकलं असेल, तू येऊन बघ, म्हणाले. गेलो. दिवा झकास चालू होता. बैठकीच्या खोलीत, छताला. आणि घरातल्या सगळ्या खिडक्यांना मच्छरांची जाळी! आत सर खुर्ची टाकून वाट बघतायत, आणि बाहेर जाळीला अख्ख्या डहाणूचे पतंग चिकटून बसलेत.

*

शेवटी तो दिवा लागला खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्याला. मालक माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला बोटींच्या माणसांसाठी रात्रभर उजेड हवाच होता, आणि कारखान्याची ती बाजू पांढरीशुभ्र चुना मारलेली. रात्री जे काय येईल ते येईल. आम्ही सकाळी फिरायला जाताना भिंत बघायचो. सर त्याला 'हजेरी' म्हणत. हेमूभाई दुकानाच्या आधी येत. कुंदाताई बर्फ घ्यायला येत, त्या आमच्याकडे बघून आधी हसल्या, मग थांबल्या, आणि मग कोणाच्याही आधी येऊन उभ्या राहायला लागल्या.

आता बाहेरच्या माणसाला कसं दिसत असेल बघा. भल्या सकाळी चार मोठी माणसं जेट्टीजवळ एका कोऱ्या भिंतीकडे टक लावून उभी. एके दिवशी मोटारसायकल थांबली. हवालदार. किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर विचारायचं, हे त्याचं कामच. त्याने विचारलं, काय चाललंय.

सरांनी त्याला वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखं पुढे घेतलं. ह्या भिंतीवर तुमच्या अगदी समोर एक जण लपून बसलाय, शोधा, म्हणाले. हवालदाराने वरून खालून भिंत बघितली, पाइप बघितला, गटाराचं झाकणसुद्धा उचलून बघितलं. सरांनी मग बोट ठेवलं. चुन्याचा पोपडा उडून खालचा राखाडी गिलावा दिसत होता, त्याच्यावर त्याच रंगाचा, तसाच खरबरीत एक पतंग, पंख पसरून. हवालदाराच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर.

हवालदाराने वाकून पतंग नीट बघितला. मग किक मारता मारता म्हणाला, "सर, हे आमच्या साहेबांना सांगू नका. फरारी समोर होता आणि मला दिसला नाही, असं होईल."

*

नावांचा प्रश्न होता. सरांकडे पुस्तक होतं, त्यातली नावं इंग्रजी आणि लॅटिन. ती सरांशिवाय कोणाच्या तोंडात बसेनात. मग आम्ही आमची ठेवली. म्हणजे हेमूभाई आणि कुंदाताईंनी ठेवली, आम्ही ऐकली. हेमूभाईंकडे सगळं फरसाण: मऊ पांढरी लव असलेला तो सुतरफेणी, चपटा तो पापडी. कुंदाताईंकडे सगळी मासळी: रुपेरी तिकोनी तो पापलेट, काळपट रुंद तो हलवा.

एक दिवस भिंतीवर एक बारीक, लांबट, सोनेरी पतंग बसला आणि भांडण पेटलं. कुंदाताई म्हणाल्या मांदेली. हेमूभाई म्हणाले, मांदेली-बांदेली काय नाय, सरळ सरळ गाठिया आहे. दोघंही हट्टाला पेटले. निवाडा सरांकडे गेला.

सरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "शाकाहारी माणसांनी गाठिया म्हणावं. बाकीच्यांनी मांदेली."

*

हेमूभाईंना मात्र सरांनी एकदा चांगलंच गोत्यात आणलं. दसऱ्याची सकाळ. आमच्याकडे गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे दसऱ्याला फाफडा-जिलेबी लागतेच. हेमूभाईंच्या दुकानासमोर रांग रस्त्यापर्यंत. सर रांगेत. आणि गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघून भर रांगेत त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, "हेमूभाई, काय सुंदर अळी आहे तुमच्याकडे!"

रांग गार. हेमूभाईंनी मान न वळवता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भिंतीवर आहे. शेवमध्ये नाय."

ती अळी तुमच्याही घरात असते. भोपळ्याच्या बीएवढी, राखाडी, चपटी पिशवी भिंतीवर चिकटलेली दिसते ना, आपण घाण समजून केरसुणी मारतो, तीच. आत अळी असते. धूळ-धागे विणून ते घर ती स्वतः करते आणि ओढत फिरते. घराला दोन्ही टोकांना दारं. इकडून तोंड काढते नाहीतर तिकडून. त्यातूनच पुढे बारकासा पतंग निघतो. गर्दी ओसरल्यावर सरांनी हे समजावलं. हेमूभाई विचारात पडले. म्हणाले, "दोन दरवाजे म्हणजे बेस्ट. साडू पुढून आला की आपण मागून."

मी घरी येऊन बायकोला, सुषमाला, हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, खाते काय? म्हटलं कोळिष्टकं, गळलेले केस, धागे. तिने भिंतीकडे बघितलं, मग पेपर वाचत बसलेल्या माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "राहू दे तिला. घर झाडणारं कोणीतरी आहे म्हणायचं."

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

एका दुपारी दुकानात चहा पिताना मी सरांना सहज विचारलं, एवढी हौस कशी लागली म्हणून. त्यांनी गल्ल्यावरचा खडू घेतला आणि माझ्या काळ्या पाटीवर, जिच्यावर मी दुरुस्तीचे नंबर लिहितो, चार गोल काढले. अंडी, अळी, कोश, पतंग. मधे बाण. तोच तो शाळेतला फळा. मलाही तो आठवला, कारण त्या आकृतीवर मी मार खाल्ला होता.

कोशाकडून पतंगाकडे जाणाऱ्या बाणावर सरांनी बोट ठेवलं. "हा बाण मी आयुष्यभर काढला, प्रमोद. पोरांकडून घोकून घेतला. पण खरा कधी बघितला नाही. कोश फुटताना एकदा डोळ्यांनी बघायचाय."

मी म्हटलं, त्यात काय, बघू की. तेव्हा ते म्हणाले की डोळ्यांत काचबिंदू निघालाय. थेंब चालू आहेत, पण बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपू. हे त्यांनी भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात सांगितलं. त्या दिवसापासून सरांना कोश फुटताना दाखवायचा, हे आम्हा तिघांच्या डोक्यात बसलं.

*

पहिली संधी आमच्याच अंगणात आली. सुषमाची तगर. रोज सकाळी परडीभर पांढरी फुलं, देवपूजा त्याच्यावर. एक दिवस बघतो तर झाडावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या, शेपटीवर शिंगासारखा काटा, मानेजवळ दोन निळे डोळे. आणि भूक अशी की संध्याकाळपर्यंत एक फांदी साफ. सुषमा फवारणीचा पंप घेऊन निघाली. मी सरांना फोन केला.

सर धावत आले. अहो सूनबाई, ह्यातून असा देखणा हिरवा पतंग निघतो की बघत राहाल, वगैरे. सुषमा म्हणाली ते खरं असेल, पण देवाला काय वाहू? सर म्हणाले, अळ्याही देवानेच पाठवल्यात असं समजा. ती म्हणाली, "मग फुलंही त्यानेच पाठवावीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सर उभे. हातात पानात गुंडाळलेली फुलं. त्यांच्या घरची जास्वंद, मोगरा, मिळेल ते. तगर बोडकी होईपर्यंत ते रोज फुलं घेऊन येत राहिले. सुषमा दोन-चार दिवसांनी विरघळली. नंतर नंतर तर अळीला ऊन लागतंय का, हेही बघायला लागली.

मग एक अळी हिरवीची तपकिरी झाली आणि झाडावरून उतरून चालायला लागली. सुषमा घाबरली, आजारी पडली म्हणाली. सर म्हणाले, आजारी नाही, तयारीला लागलीय. हेमूभाईंनी रिकामी बरणी दिली, त्यात माती आणि पालापाचोळा, आणि अळीने त्यात आपला कोश केला. पुढे बरेच दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी कोश काळसर दिसायला लागला आणि सर म्हणाले, उद्या.

पहाटेपासून ते आमच्या ओट्यावर बरणीसमोर बसले. सोबतीला हेमूभाई. सरांनी त्यांना ताकीद दिली: आवाज करायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. हेमूभाईंनी तोंडावर बोट ठेवलं. उजाडताना सरांच्या थेंबांची वेळ झाली. थेंब टाकले, डोळे मिटले. आणि उत्सुकतेने रात्रभर घरीही झोप नसलेला म्हातारा माणूस, मिटलेले डोळे लागलेच.

मी दाढी करून बाहेर आलो तेव्हा काडीवर तो पतंग बसला होता. हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या रंगांची अशी नक्षी की साडीवर आली तर सुषमा दुकान सोडणार नाही. पंख पुरे सुकलेले. सर खुर्चीत घोरतायत. आणि हेमूभाई ताठ बसलेले, हात मांडीवर, डोळ्यांत पाणी.

सर जागे झाले, बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. उठवलं का नाही?

हेमूभाई म्हणाले, "मी शुं करू, सर? तुम्हीच बोलला ना, अवाज नाय करायचा, हात नाय लावायचा."

*

कुंदाताईंचं निराळं. ही बाई जिवंत खेकडा हाताने धरते, शिंगाळा माशाचा विषारी काटा देठ खुडावा तसा काढते. पण अळी बघितली की तीन ताड उडते. एकदा सुषमासाठी घरच्या अळूची जुडी घेऊन आल्या, वड्यांसाठी. जुडी सोडली तर पानामागून एक अळी वर झाली, मान फुगवली, आणि दोन मोठे डोळे रोखून बघायला लागली. कुंदाताई थेट दुकानाच्या स्टुलावर.

सरांनी समजूत घातली की ते डोळे खरे नाहीत, नुसते ठिपके. पक्ष्याने घाबरावं म्हणून. कुंदाताई स्टुलावरूनच वाकून बघत म्हणाल्या, "गिऱ्हाईक डोळे बघून मासा ताजा का शिळा ते ठरवतं. आणि ही बया डोळेच खोटे लावून बसलीय!" त्या दिवसापासून अळीबद्दल त्यांना धंद्यातल्या माणसाबद्दल वाटावा तसा आदर वाटायला लागला.

सरांची हुकलेली संधी कुंदाताईंच्या मनाला लागली होती. त्यांनी घरच्या अळूवर नजर ठेवली आणि पालापाचोळ्यातला एक कोश, अंगावर काटा आला असेल तरी, चिमट्याने उचलून आणला. सरांनी बरणीत ठेवला. दिवस गेले. काही नाही. सर रोज बघतायत, पुस्तक उघडतायत, एव्हाना निघायला हवा होता म्हणतायत. शेवटी त्यांनी कुंदाताईंना खोदून खोदून विचारलं, कुठे मिळाला, कसा आणला.

कुंदाताई म्हणाल्या, "कसा म्हणजे? मिळाला तेव्हा बाजार बंद होता, आमची माणसं बंदराविरुद्धच्या मोर्चाला गेलेली. तुम्हाला शिळा कसा देऊ? पेटीत ठेवला, पापलेटांच्या खाली. चांगला बर्फ घालून."

सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी बरणी आशेने परसात, उबेत ठेवली. मेला नसेल, थांबला असेल, म्हणाले. आणि खरंच, ते जिल्ह्याच्या गावी डोळे दाखवायला गेले होते त्या दिवशी बरणीत नुसतं रिकामं टरफल सापडलं. कुंदाताईंना मात्र अभिमान: माल टिकला.

*

मधे माझाही प्रसाद घेऊन झाला. तलासरीला एका घरी वायरिंग करताना शिडीवरून तोल गेला म्हणून शेवग्याच्या बुंध्याला हात टेकला. बुंध्यावर केसाळ अळ्यांचा थवा, सालीसारखाच दिसणारा. हात असा सुजला की पक्कड धरवेना. त्या हाताने मी सरांना फोन केला, काय लावू विचारायला.

सर म्हणाले, "थांब, थांब. अळ्या अजून आहेत तिथे?"

*

आणि हा शेवटचा.

उधव्याला एका पाड्यावर पंपाचं काम होतं. माझी गाडी गॅरेजला, म्हणून एसटीने निघालो. सर म्हणाले मीही येतो. पाड्यावर त्यांचा जुना विद्यार्थी शेती करतो, त्याने ऐनाच्या झाडावर कोश बघितल्याचं कळवलं होतं. काम आटोपून आलो तेव्हा सरांच्या हातात फांदी. फांदीला देठाने लटकलेला टसर रेशमाचा कोश, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, तसाच कडक. सर लहान मुलासारखे खूश. हा आता घरी टेबलावर ठेवणार, आणि थेंब टाकायची वेळ आली तर एक डोळा उघडा ठेवणार, म्हणाले.

परतीच्या गाडीत गर्दी. कोश चेंगरू नये म्हणून सरांनी फांदी खांद्यावरच्या शबनममध्ये उभी खोचली आणि पिशवी पाठीकडे वळवली. कोश त्यांच्या खांद्यामागे लटकत राहिला. कंडक्टरबाई कडक. आमच्या पुढच्या माणसाच्या काखेत कोंबडा होता. तो म्हणाला, हा तर मांडीवरच बसणार. बाई म्हणाल्या, "जीव आहे ना? मग तिकीट." आणि फाडलं. सरांचं ज्येष्ठ नागरिकाचं हाफ, माझं फुल.

तलासरी गेलं. सरांनी एक-दोनदा पिशवीत काहीतरी खरखरतंय म्हटलं, मी म्हटलं शेंगा असतील, विद्यार्थ्याने दिलेल्या. चारोटी नाक्यावरून गाडी डहाणूच्या रस्त्याला वळली, दिवस कलला होता, तेव्हा मागच्या सीटवरची बाई, मांडीवर भाजीची पाटी घेतलेली, पुढे वाकून म्हणाली, "बाबा, ते तुमच्या मानेवर चढलं बघा."

मी वळून बघितलं. कोशाचं टोक ओलं, फुटलेलं. आणि सरांच्या कॉलरच्या मागे, सहा पायांनी पांढरा शर्ट घट्ट धरून, एक जाड लवदार पतंग, पंख ओल्या फडक्यासारखे चोळामोळा झालेले. मी सरांना सांगितलं.

सर थिजले. मान वळवायला निघालेली, तशीच थांबली. मी म्हटलं, "सर, हळूच उचलून पुढे घेऊ? बघा तरी." माझा हात गेलाही होता.

"हात लावू नकोस," सर म्हणाले. "आता पंख पसरतील. पसरून सुकेपर्यंत धक्का लागला, तर जन्मभर वाकडे राहतील. उडणारच नाही मग." मग समोर बघतच त्यांनी मागच्या बाईला विचारलं, कोशातून निघताना बघितलंत का?

"बघितलं की. सगळं बघितलं. मला वाटलं तुमचंच आहे, तुम्हाला माहीत असेल."

सरांचा चेहरा मला दिसत होता, तिला नाही. आयुष्यभराचा बाण, आणि पाठीमागून गेला. मी फोन काढला, म्हटलं व्हिडिओ घेतो, घरी नीट बघा. सर म्हणाले, "चित्रात तर इतकी वर्षं बघतोच आहे." मग त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात बोलत तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण कोणी गप्प बसू नका. पहिल्यापासून सांगा. दिसेल ते सांगा."

पाटीवाल्या बाईंनी सांगितलं. आधी टोकाला ओल आली, मग आतून कोणी ढकलतंय तसं हललं, मग तोंड आलं, मग एक पाय, मग थकल्यासारखं थांबलं, मग सगळं एकदम बाहेर. सर प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती. मग कोंबडेवाला उठून मागे आला, खिडकीजवळची दोन कॉलेजची पोरं सीटवर उभी राहिली, आणि गाडीभर धावतं वर्णन सुरू झालं. पंख खाली सरकतायत. आता तळहाताएवढे झाले. एक म्हातारबुवा गुजरातीत सांगत होते की रंग हळदीसारखा आहे. अरे, मधे काचेसारखे गोल आले, आरपार दिसतंय! पोरगा म्हणाला, सर, त्याने तुमच्या शर्टावर काहीतरी सोडलं, तपकिरी, शर्ट गेला. सर म्हणाले जाऊ दे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहऱ्यावर हसू असं की मी त्यांना शाळेत कधी तसं बघितलं नव्हतं.

"पाय टोचतायत रे त्याचे," ते मला हळूच म्हणाले. "मानेला. जरा सरकला की कळतंय. तुम्ही सगळे नुसते बघताय, प्रमोद. माझ्या तर अंगावर झालं."

डहाणू आलं. गाडी स्टँडला लागली, लोक सरांच्या बाजूने अंग चोरून एकेक करून उतरले, पाटीवाली बाई जाताना परत एकदा बघून गेली. सर हलले नाहीत. पंख अजून ओले होते, आणि दारात चढणाऱ्यांची रेटारेटी. कंडक्टरबाई आल्या, शेवटचा स्टॉप म्हणाल्या. सरांनी विचारलं, ही गाडी आता कुठे जाणार? परत तलासरीला, लगेच.

"मग एक तलासरी द्या," सर म्हणाले. "हाफ."

मी म्हटलं माझं फुल. बाईंनी दोन तिकिटं दिली. सरांनी मान न हलवता विचारलं, "आणि मागच्याचं?"

बाई दोन पावलं मागे गेल्या. वाकल्या. सरांच्या कॉलरकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पुढच्या सीटकडे जाता जाता म्हणाल्या, "पाच वर्षांच्या आतलं आहे. तिकीट नाही."